बॉनेटवरचा तळहात

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. गाडी म्हटली की ती कधी ना कधी जुनी होणारच. पण माझं दुखणं जरा वेगळं. माझी एक खोड लपवण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि लपवणारी मी नव्हतेच. दुसरंच कुणीतरी माझ्या वतीने लपवायचं आणि मी आपली मुकाट्याने मान खाली घालून उभी राहायची. गाडीला मान नसते हे मलाही कळतं बरं का. बोलायची पद्धत असते एकेकाची.

आधी माझा अवतार सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. माझा रंग गडद निळा. उजेडात निळा, सावलीत सरळ काळा. तोंड चारचौघींसारखंच आहे, पण इतर गाड्या जिथे संपतात तिथून मी अजून दोन-अडीच हात चालूच राहते. मागच्या सीटा पाडल्या की आतमध्ये सपाट जमीन होते, चांगला उंच माणूस पाय पसरून झोपेल एवढी. कारखान्यात आमच्यासारख्या थोड्याच बनल्या. लोक बघायचे आणि म्हणायचे, ही ना धड मोटार, ना धड टेम्पो. तीन वर्षांत कंपनीने आमचं बनवणंच बंद केलं. त्यामुळे मी कुठेही गेले तरी मला माझ्यासारखी दुसरी दिसत नाही. सिग्नलला उभं राहिलं की बाकीच्यांना आपल्या बहिणी भेटतात. मला आजवर कुणी भेटलेली नाही.

माझे पहिले मालक पडदे लावायचं काम करायचे. सगळे त्यांना पडदेवाले काका म्हणायचे. पडद्यांचे दांडे लांब असतात, ते साध्या गाडीत मावत नाहीत. म्हणून त्यांनी मला हौसेने घेतलं. दांडे मागच्या दारातून आत शिरायचे ते थेट पुढच्या दोन सीटांच्या मधून माझ्या डॅशबोर्डपर्यंत यायचे. काकू शेजारी बसायच्या आणि वळणावर दांडे हलू नयेत म्हणून त्यांच्यावर हात ठेवायच्या. चौदा वर्षं आम्ही तिघांनी असं काम केलं. किती घरांच्या खिडक्या मी बाहेरून पाहिल्या! उघड्या पाहिल्या आणि दुपारनंतर झाकलेल्या पाहिल्या. काका काम संपवून खाली आले की रस्त्यावरून एकदा वर बघायचे, माझ्या टपावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "बघ, पडद्याला कसा पडलाय झोल." मी बघायची. मला झोल म्हणजे काय ते कळायचं नाही, पण कुणीतरी आपल्याला दाखवतंय याचंच सुख मोठं.

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. माझं इंजिन डिझेलचं आणि जुन्या पद्धतीचं. ते गार असलं की चावी एकदम फिरवायची नाही. अर्धी फिरवायची आणि थोडं थांबायचं. तेवढ्या वेळात आतले हीटर तापतात, आणि मग चावी पूर्ण फिरवली की मी एका झटक्यात सुरू होते. कधीपर्यंत थांबायचं ते सांगायला डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा होता. तो विझला की निघायचं. नवव्या वर्षी त्या दिव्याचा बल्ब गेला. काकांनी तो बदललाच नाही. म्हणाले, "मला कशाला दिवा? मी मोजतो." ते दहापर्यंत मोजायचे, आणि तेवढ्यात काकू केसांतली पिन नीट करून घ्यायच्या. ना त्यांची घाई, ना माझी कुरकुर.

मग काकांचे गुडघे गेले. शिडी चढणं बंद झालं, म्हणजे धंदाच बंद झाला. मुलीकडे राहायला जायचं ठरलं आणि तिथे गाडी लावायला जागा नव्हती. काकांनी मला जुन्या गाड्यांच्या यार्डात आणून सोडलं. तिथे गाड्या विकायचं काम करणारा एक माणूस होता. वाद घालण्यात त्याला कुणी हरवू शकायचं नाही, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. काका त्याला सांगायला लागले, "हिचं एक लक्षात ठेवा, गार असताना..." पण वकिलाच्या कानाला फोन. त्याने काकांकडे बघून अंगठा दाखवला. काका थांबले, पुन्हा म्हणाले, "सुरू करताना फक्त..." वकिलाने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "हो काका, सगळं बघतो मी, तुम्ही निश्चिंत राहा." काकांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. मग माझ्या टपावर हात फिरवून फाटकाबाहेर गेले. बसथांब्यावर ते किती तरी वेळ पाठमोरे उभे होते, ते मला फाटकातून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाने चावी घातली आणि एकदम फिरवली. मी खोकले. पांढरा धूर सोडला, अंगभर थरथरले आणि बंद पडले. त्याने पुन्हा सेल्फ मारला. चौथ्या-पाचव्या वेळेला कशीबशी सुरू झाले. वकील खाली उतरला आणि म्हणाला, "गेलं हिचं इंजिन." झालं! माझ्या कपाळावर शिक्का बसला. यार्डाचे शेठ जुन्या गाडीवर खर्च करायला तयार नव्हते आणि मेकॅनिक ठेवलेला नव्हता. वकील त्याआधी फ्रिज विकायचा, त्याला डिझेलचं काय कळणार? पण विकायचं कसं ते त्याला बरोबर कळायचं. गिऱ्हाईक येणार असा फोन आला की तो तासभर आधी येऊन मला खोकत खोकत सुरू करायचा, अंग चांगलं तापेपर्यंत चालू ठेवायचा, मग बंद करून पुसायचा आणि आत अत्तराचा फवारा मारायचा. गिऱ्हाईक आलं की चावी त्याच्या हातात द्यायचा. तापलेली मी हात लावताच सुरू व्हायची. "बघा, कशी मख्खन आहे!" असं म्हणून वकील वर मोठ्याने गाणी लावायचा.

अशी मी दोनदा विकली गेले, मित्रांनो, आणि दोनदा परत आले. एकदा एका रोपवाटिकेच्या मालकिणीने नेलं. तीन दिवस तिच्या दारात खोकले, चौथ्या दिवशी तिने मला फाटकात आणून उभं केलं. दुसऱ्यांदा एका तंबूवाल्याने नेलं, तो आठवडाभर टिकला. परत करताना दोघंही एकच वाक्य बोलले, "फसवलंत आम्हाला." बोलले वकिलाला, पण बोट माझ्याकडे होतं. मी कुणाला फसवलं हो? मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? पण विचारणार कोण आणि सांगणार कशी?

त्यानंतर मला यार्डाच्या मागच्या भिंतीशी लावलं. तिथे एक झाड होतं, त्याची पानं वर्षभर माझ्यावर गळायची. पुढच्या रांगेतल्या गाड्या येत होत्या, जात होत्या. कुणाला नवरा-बायको घेऊन जायचे, कुणाला नोकरी लागलेला मुलगा आईला पुढे बसवून घेऊन जायचा. निघताना पोरं आतून हात हलवायची, पण ते आपल्या नव्या गाडीच्या आनंदात, आमच्याकडे बघून नव्हे. सुट्टीच्या दिवशी यार्ड बंद असायचं तेव्हा भरदुपारी एवढी शांतता व्हायची की पान पडलेलं ऐकू यायचं. मला खूप एकटं वाटायचं. सरळ सांगते, उगाच आडपडदा कशाला. वाटायचं, कुणीतरी यावं, दार उघडून नुसतं पाच मिनिटं आत बसावं आणि जावं.

एक दिवस शेठ वकिलाला माझ्यासमोरच म्हणाले, "ही लांबडी या महिन्यात गेली तर गेली, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाक." माझ्यासारखी दुसरी रस्त्यावर नाही, म्हणजे माझा दरवाजा, माझी काच कुणाच्या उपयोगाची नाही. मला नुसतं लोखंड म्हणून वजनावर जायचं होतं. महिन्याचे दहा दिवस उरले होते.

आणि अशात ती दोघं आली. बाप आणि लेक.

लेक पस्तिशीची असेल. ती केस कापायचं काम करायची, पण दुकानात नव्हे. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन ती केस कापायची, धुऊन द्यायची. त्यासाठी तिच्याकडे मागे रेलणारी घडीची खुर्ची होती आणि मानेखाली लावायचं एक मोठं बेसिन. हे सगळं ती बसने न्यायची. बाप तिच्याबरोबर असायचा. आजारी माणसाला उचलून खुर्चीत बसवणं आणि डोकं हलू न देणं हे त्याचं काम. म्हाताऱ्याने सगळी उमर कापडाच्या मागांवर मिस्त्री म्हणून काढली होती, तिथलं डिझेलचं इंजिनही तोच सांभाळायचा. ते माग बंद पडले तेव्हा त्याचे कानही बंद पडले. समोरच्याचे ओठ दिसले तर त्याला समजायचं, नाहीतर नाही.

"आधीच सांगते, माझ्याकडे पैसे थोडे आहेत," लेक वकिलाला म्हणाली. "पण मला रोज रडवणारी गाडी नको. सोमवारपासून मला तीन वृद्धाश्रमांचं काम मिळतंय, सगळे गावाबाहेर. नऊ वाजता पोचले नाही तर ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील."

"ताई, रडणाऱ्या गाड्या आपण ठेवतच नाही," वकील म्हणाला.

त्याने तिला दोनच गाड्या दाखवल्या, तिच्या पैशांत बसणाऱ्या. एक छोटी लाल, माझ्यापेक्षा बरीच तरुण, स्वतःवर खूश असलेली. दुसरी मी. लेकीने मला लांबून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! ही तर शववाहिनी वाटते. अहो, माझी निम्मी गिऱ्हाइकं आजारी असतात. दारात ही उभी राहिली तर एखादे आजोबा हाय खाऊन जायचे." वकील हसला. मला वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं म्हणवत नाही. मी खरंच तशी दिसते.

म्हातारा मात्र माझ्याभोवती फिरत होता. मागचं दार उघडून तो माझ्या काठावर बसला आणि पाय हलवून बघितले. सीट पाडली, उभी केली, पुन्हा पाडली. मग पुढे आला आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की यार्डात पार फाटकापर्यंत ऐकू गेलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

"आत्ताच एक जण चालवून गेले ना, काका," वकील म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याचे ओठ वाचले आणि माझ्या चाकाकडे बोट केलं. "हिच्या चारी चाकांना वाळक्या पानांचा ढीग लागलाय. एक पान चुरडलेलं नाही. ही जागची हललेली नाही."

वकील पायाने ती पानं बाजूला सारायला लागला. त्याने लेकीकडे वळून हळूच विचारलं, "यांना ऐकू येत नाही का?" ती म्हणाली, "कमी येतं." त्यानंतर तो म्हाताऱ्याशी बोललाच नाही, जे काही बोलायचं ते तिच्याशी. म्हातारा एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघायचा. "काय म्हणाला?" तो लेकीला विचारायचा. ती म्हणायची, "काही नाही, बाबा." पुन्हा थोड्या वेळाने, "काय?" पुन्हा, "काही नाही." ती वाईट नव्हती, मित्रांनो. तिला शंभर व्याप होते आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची म्हणजे दिवस पुरणार कसा? पण प्रत्येक "काही नाही"ला म्हातारा किंचित मागे सरकायचा, आणि ते तिच्या लक्षात येत नव्हतं. मला लगेच कळलं, कारण कितीतरी दिवस मीही मागच्या भिंतीशीच होते.

वकिलाने मला सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे गाणी लावली. म्हाताऱ्यापुढे गाणी कसली! तो बॉनेटवर दोन्ही हात टेकून, डोळे मिटून उभा राहिला. "चारही सिलिंडर सरळ चालतायत," तो म्हणाला. "मग हिला तापवून का ठेवता? मी उद्या येतो. गार असू द्या."

दुसऱ्या दिवशी यार्ड उघडायच्या वेळेला दोघं हजर झाली. पण वकील त्यांच्याही आधी आला होता, बिचारा दाढी न करताच आला होता, आणि मी तव्यासारखी तापलेली होते. म्हाताऱ्याने तळहात ठेवला आणि उचलला. "परत गरम." मला वाटलं, ओरडावं, अहो, थांबा, मला गार होऊ द्या, दुपारी या! पण माझा आवाज इंजिनाचा, आणि ते बंद होतं.

लेकीला उलट बरंच वाटलं. तिने पर्समधून टेप काढून, मागची सीट पाडून लाल गाडीची डिकी मापली, कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "खुर्ची बसते. हीच घेते मी." तिने विसार दिला. म्हातारा तिची बाही धरून म्हणाला, "पोरी, त्या लांब गाडीचं काहीतरी आहे. मला नीट..."

"बाबा, सोडा ना आता. झालं ठरवून," ती म्हणाली आणि कागदावर सही करायला वळली. तिचा चेहरा फिरला, म्हणजे त्याच्यासाठी बोलणं संपलं. तो बाही सोडून उभा राहिला.

मग मधले दिवस. ते नको वाटतात आठवायला. लाल गाडीला रोज धुवायचे, तिच्या चाकांना चमक आणायचे. माझ्याकडे भंगारवाला आला. त्याने चारही बाजूंनी बघितलं, मागे किती लांब आहे ते पावलांनी मोजलं आणि बॉनेटवर खडूने मोठी फुली काढली. शनिवारी सकाळी नेतो म्हणाला. वकिलाने चावी माझ्यातच लावून ठेवली. मला तापवायची गरज आता कुणालाच नव्हती. त्या फुलीकडे बघत मी काकांची आठवण काढली. त्यांनी सांगायचा दोनदा प्रयत्न केला होता. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर? पण माणूस किती वेळा सांगणार, समोरचा फोनवर असताना.

शनिवारी आधी बाप-लेक आली. लाल गाडी न्यायची म्हणून लेकीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांनी भाड्याच्या टेम्पोतून खुर्ची, बेसिन, पाण्याचा डबा, पिशव्या असं सगळं सामान आणलं होतं, इथूनच भरून घरी न्यायचं म्हणून. टेम्पो सामान उतरवून गेला. मागची सीट पाडली तशी खुर्ची डिकीत बरोबर बसली. लेकीने टाळी वाजवली. मग तिने बेसिन उचललं आणि तशीच उभी राहिली.

बेसिनचं माप तिने घेतलंच नव्हतं! कसं घेणार? इतकी वर्षं ते भांडं पट्ट्याने तिच्या खांद्याला लटकत आलेलं. बसमध्ये, जिन्यात, रस्त्यात, सगळीकडे खांद्यावर. ते वेगळं सामान आहे हेच ती विसरून गेली होती. मागच्या दारातून ते जाईना. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. शेवटी पुढच्या सीटवर बसलं, ऐटीत. "मग बाबांना कुठे बसवू?" ती म्हणाली आणि तिला रडू आलं. बाबांशिवाय रुग्णाला उचलणार कोण?

"टपावर बांधा की, ताई," वकील म्हणाला.

"टपावर? पाऊस आला तर वृद्धाश्रमात पोचेपर्यंत विहीर होईल त्याची!" ती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. सोमवार दोन दिवसांवर आला होता आणि पैसे एकाच गाडीचे होते.

हे सगळं चाललं होतं तेव्हा म्हातारा तिथे नव्हता. त्याने एक-दोनदा "काय झालं?" विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही, म्हणून तो सवयीने बाजूला झाला होता. बाजूला म्हणजे मागच्या भिंतीकडे. माझ्याकडे. खडूची फुली बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग तळहात ठेवला.

"गार आहे!" तो ओरडला. "अगं, ही गार आहे!"

तो दार उघडून आत बसला. तिकडून वकील धावला. "ताई, त्यांना सांगा, ती गार असताना सुरू होत नाही!" असं म्हणाला आणि आपण काय बोलून बसलो ते कळून जागीच थांबला. लेकीने डोळे पुसून त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षं झाकलेली गोष्ट त्याच्याच तोंडून बाहेर पडली होती.

म्हाताऱ्याने यातलं काही ऐकलं नाही. त्याने चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर जिथे पिवळा दिवा लागायला हवा तिथे अंधार. त्याने तिथे नखाने टकटक केलं, वाकून पाहिलं, आणि "हं" म्हणाला. मग तो थांबला.

"फिरवा, काका, फिरवा!" वकील खिडकीशी येऊन हातवारे करायला लागला. म्हाताऱ्याची नजर समोर. तुम्हाला सांगते, मित्रांनो, या जगात ज्याची घाई कुणालाच करता येत नव्हती असा तो एकच माणूस असेल. त्याचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन. माझ्या आत ऊब चढायला लागली. चार, पाच. किती दिवसांनी कुणीतरी मला एवढा वेळ देत होतं! आठ, नऊ. मला भीती वाटत होती. एवढ्या दिवसांच्या सवयीने खोकले तर? गंज चढला असेल तर? दहा.

त्याने चावी फिरवली आणि मी सुरू झाले. खोकला नाही, धूर नाही, थरथर नाही. झाडावरची पानं खाली पडत होती आणि मी आपली सुरात चालत होते. गाडीला रडता येत असतं तर मी रडले असते.

म्हातारा खाली उतरला. "दिव्याचा बल्ब गेलाय," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. गार असताना दहा मोजायचे आणि मग फिरवायचं."

वकील माझ्याजवळ आला. "एक काका तिला द्यायला आले होते तेव्हा काहीतरी सांगत होते," तो पुटपुटला. "माझा फोन चालू होता." आणि त्याने आपल्या शर्टाच्या बाहीने माझ्यावरची फुली पुसून काढली. तसा मनाने वाईट नव्हता तो.

लेकीने खुर्ची ओढत आणली. आत सरकवली, सरकली. बेसिन ठेवलं, बसलं. डबा, पिशव्या, सगळं आत गेलं आणि तरी एक माणूस झोपेल एवढी जागा उरली. ती मागे जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून मला नीट बघितलं. तिच्या सगळ्या वर्षांची मेहनत यावर अवलंबून होती, हे मला दिसत होतं.

"पण बाबा, ही दिसते कशी!"

"दारावर मोठी कात्री रंगवून घेऊ," म्हातारा म्हणाला.

"म्हणजे तर अजूनच घाबरतील."

"मग कंगवा रंगवू."

ती हसली. शेठशी बोलून तिने विसार लाल गाडीवरून माझ्यावर करून घेतला. भंगारवाला आला तेव्हा मी फाटकातून बाहेर पडत होते. त्याने मला वाट करून दिली.

आता शेवटची गोष्ट सांगते. तीच सांगायला मी एवढं बोलले.

आम्ही बाजारातून चाललो होतो. लेक चालवत होती, म्हातारा शेजारी. एका सोफ्याच्या दुकानापुढून जाताना लेकीला काहीतरी दिसलं आणि ती फिस्कन हसली. "अगंबाई, तो बघा!" पण तोवर दुकान मागे पडलं होतं.

"काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही, बाबा. मागे गेलं."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तो रागावला नव्हता. त्याला सवय होती. चार दुकानं गेली, पाचवं गेलं. लेक हसायची थांबली. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. तो तसाच बाहेर बघत होता, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती.

तिने मला कडेला थांबवलं. मग मागचा गिअर टाकला. अहो, माझी लांबी केवढी, रस्ता केवढा, आणि पोरीचा पहिलाच दिवस! मागून हॉर्नचा नुसता भडिमार. एक रिक्षावाला मान बाहेर काढून काय काय बोलला. तिला घाम फुटला, पण तिने मला मागे मागे घेत पाच दुकानं उलटी नेली आणि सोफ्याच्या दुकानासमोर उभं केलं. म्हाताऱ्याला ना हॉर्न ऐकू येत होते ना रिक्षावाला. तो आपला गोंधळून तिच्याकडे बघत होता. तिने त्याचा खांदा धरला, चेहरा त्याच्यासमोर आणला आणि सावकाश म्हणाली, "बाबा. तिकडे बघा."

दुकानात काचेच्या आड, विक्रीला मांडलेल्या सगळ्यात मोठ्या सोफ्यावर दुकानाचा मालक तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता, आणि किमतीची चिठ्ठी त्याच्या पोटावर खालीवर होत होती.

म्हातारा बघत राहिला. मग जो हसायला लागला! सीटवर पुढेमागे होत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पार रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मालक दचकून उठून बसला. लेकही हसत होती, पण ती मालकाकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. "किती वर्षांनी हसलात हो," ती म्हणाली, आणि त्याने "काय?" विचारायच्या आतच पुन्हा एकदा, त्याला दिसेल असं म्हणाली.

मित्रांनो, माझं काय, माझे आता बरे दिवस आहेत. दारावर पिवळा कंगवा आहे, आणि वृद्धाश्रमातली माणसं तो बघून केस सारखे करत बाहेर येतात. मला तुमच्याकडून काही नको. पण तुमच्या घरात कुणी "काय?" असं विचारत असेल, तर "काही नाही" म्हणू नका. पुन्हा सांगा. गोष्ट मागे गेली असेल तर गाडी मागे घ्या. वाजवू देत लोकांना हॉर्न.